कॅहलला न सांगितलेली गोष्ट

एकविसाव्या वर्षी इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबने मला भिंतीवरच्या कागदावरून कळवलं, की संघात मी नाही. दोन शब्द बोलायला कुणी आलं नाही. तिथे अकरा वर्षं पाय झिजवून आयर्लंडला, आमच्या डोनेगॉलला परतलो, पुढे आमच्या क्लबचा मॅनेजर झालो आणि छाती फुगवून जाहीर केलं, 'माझ्या खेळाडूला वाईट बातमी माझ्याच तोंडून कळेल.' पेपरात फोटोसकट छापून आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

कपची फायनल रविवारी होती. आमचा कर्णधार कॅहल छत्तीस वर्षांचा, गुडघा कामातून गेलेला. त्याला वगळायचं मी बुधवारी ठरवलं. गुरुवारी सकाळी सांगणार होतो, तर पहाटेच त्याची आई वारली.

शुक्रवारी सगळा संघ घेऊन त्यांच्या घरी गेलो. रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. आत शवपेटीजवळ घरचे ओळीने उभे होते. प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, 'फार वाईट झालं' म्हणायचं आणि स्वयंपाकघरात चहाला सरकायचं. कॅहलने माझा हात सोडलाच नाही.

"बॉस, रविवारी मी खेळणार. आईने शेवटी तेवढंच विचारलं, फायनलला तू आहेस ना म्हणून."

शेजारी त्याचे वडील, पॅकी, माझ्या तोंडाकडे बघत होते. मागे रांग खोळंबली होती. त्या ओळीत उभ्या असलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

"अरे, हे काय विचारणं झालं?" मी म्हणालो. "तुझ्याशिवाय कोण?"

शनिवारी दफन झालं. सांगायला अख्खी दुपार मोकळी होती. मी फोन उचलला, ठेवला, कुत्र्याला फिरवून आणलं, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. एवढा नेभळट मी मैदानावर कधीच नव्हतो.

रविवारी कपडे बदलायच्या खोलीबाहेर मी संघाचा कागद माझ्या मदतनिसाच्या, यूननच्या हातात कोंबला.

"हा लाव भिंतीवर."

"कॅहलशी बोललास ना?"

"तू लाव रे!"

आणि संडासात जाऊन मी कडी लावली. वय वर्षं त्रेपन्न. बाहेरचा गलका एकदम थांबला. मग कुणीतरी म्हणालं, "कुठे तोंड लपवून बसलाय तो?"

"पुरे," कॅहलचा आवाज आला. "बूट घाला."

आम्ही दोन-एकने जिंकलो. कॅहल राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून सगळ्यांना पाणी देत होता. सामना संपल्यावर माणसं मैदानात घुसली, त्यांतून काळा टाय लावलेले पॅकी माझ्याकडे आले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"मॅलकी, फार उपकार झाले बाबा तुझे."

"कसले?"

"कॅहल सांगत होता. पाय उचलत नाहीत, मला वगळा, असं तोच तुला म्हणाला. आणि तू ऐकलंस! दुसऱ्या कुणी जुंपलं असतं त्याला."

त्यांच्या मागे दहा पावलांवर कॅहल उभा होता. नजरेत ना राग, ना टोमणा. बापाला आणखी दुःख नको, एवढंच त्याला हवं होतं. मला लाज वाटली. खरं बोलायला याहून चांगली वेळ येणार नव्हती.

"त्याला विश्रांतीची गरज होती, पॅकी," मी म्हणालो. "तुम्ही आभार कसले मानता?"