एक बार कमी

खाणीत बार उडतात तेव्हा आम्ही सगळे भोकांइतकी बोटं उभी धरून एकेक मिटत मोजतो. जितकी भोकं सुरुंगाच्या दारूने भरली तितके आवाज झाले पाहिजेत. एक जरी कमी पडला तर दारू दगडात जिवंत आहे, तिकडे कुणी फिरकायचं नाही. ट्रकवाल्यापासून वजनकाट्यावरच्या कारकुनापर्यंत सगळे मोजतात. आणि सगळेच मोजतात म्हणून हे काम नेमकं कुणाचं, ते आजवर कुणी ठरवलंच नाही. तिथंच घोडं पेंड खातं.

भोंगा माझ्या ताब्यात. बाराआधी तुटक तुटक वाजवायचा, म्हणजे पळा. सगळं झालं की एक लांब, म्हणजे या. बार उडवणारा माझा नवरा. घरात माझं काही ऐकत नाही, पण भोंगा वाजला की कसा मुकाट्याने आडोशाला जातो!

त्या दिवशी भोकं भरून झाली होती, मी तुटक भोंगा दिला होता, आणि नेमका तेव्हाच कोर्टाचा माणूस फाटकाशी हजर झाला. डोंगर खिळखिळा झालाय, वरचे झरे आटतायत, कड्यातली झाडं मरतायत, तेव्हा समिती पाहणी करून नवी हद्द आखेपर्यंत खाण बंद, असा हुकूम. आत्ताच्या आत्ता बंद. मॅनेजरने कागदावर सही केली आणि वर बघून हात हलवला. उडवून टाक, म्हणजे. आमच्या शहाण्याने वाती पेटवल्या.

बार झाले, पण माना सगळ्यांच्या फाटकाकडे. तिथे मॅनेजर आणि तो कोर्टाचा माणूस, दोघांची नुसती जुंपली होती. मी मोजत होते, मधेच लक्ष गेलं. शेवटी हाताकडे बघते तर करंगळी उभीच, म्हणजे एक आवाज कमी. म्हटलं, माझंच चुकलं असेल. तेवढ्यात नवऱ्याने वरून सगळं झाल्याचं हिरवं फडकं हलवलं आणि मी लांब भोंगा दिला. मग कोर्टाच्या माणसाने फाटकाला, यंत्राला, माझ्या भोंग्याच्या पेटीलासुद्धा लाखेचं सील ठोकलं.

संध्याकाळी लेक घरी आली. ती त्या समितीतच आहे. कड्याच्या भेगांत उगवणाऱ्या रोपांवर शिकली, म्हणून मी तिला गवताची डॉक्टर म्हणते. बाप डोंगर फोडतो आणि लेक डोंगर राखते, म्हणून वस्ती आम्हाला हसते. हसू दे. त्यांच्या घरात कुठे सगळं सरळ आहे?

"उद्या काय काम?" नवऱ्याने विचारलं.

"समितीच्या मॅडम आणि आमच्याकडची दोन पोरं कड्यावर जाणार. हद्दीच्या लोखंडी खुंट्या दगडात ठोकायच्यात. मी खाली ओढ्याशी, पाणी तपासायला."

दगडात खुंट्या. घणाने. मला ती उभी करंगळी आठवली.

ती हातपाय धुवायला गेली तशी मी त्याला कोपऱ्यात गाठलं. "अहो, सगळे बार झाले ना?"

"झाले की."

"मोजले तुम्ही?"

तो चपलेकडे बघत बसला. "माझं लक्ष फाटकाकडे होतं गं. तू मोजत असतेसच, म्हणून मी फडकं हलवलं."

"आणि तुम्ही फडकं हलवलंत म्हणून मी भोंगा दिला! धन्य आहे आपली!"

"हळू बोल."

"एक कमी आहे असं वाटतंय मला. मॅडमना सांगून टाका."

"काय सांगू? सही झाल्यावर बार उडवला म्हणून? लायसन्स जाईल, वर तुरुंगात बसवतील. आणि झालेही असतील सगळे. सकाळी मी गुपचूप बघून येतो."

"फाटकावर पोलीस बसवलाय, गुपचूप कसले जाताय!"

पण पुढे मीही काही बोलले नाही. लायसन्स गेलं तर या वयात ह्याला कोण उभं करणार, हे डोक्यात. झाले असतील सगळे, असं मी मनाला समजावत राहिले. लेक तर ओढ्याशीच असणार होती.

सकाळी ती गेली. नवरा फाटकापर्यंत जाऊन पोलिसाच्या शिव्या खाऊन परत आला. मी एकच भांडं पुन्हा पुन्हा घासत होते. कान सारखे डोंगराकडे. दार आपटलं तरी भांडं टाकून उंबऱ्यात जायचे.

मग फोन वाजला. "आई, जेवायला थांबू नकोस. मॅडमचा पाय मुरगळला, त्यांच्याऐवजी मी कड्यावर आलेय. इथून आपलं घर—"

"खाली उतर! खुंटी ठोकू नका! ऐकतेस का?"

फोन कटला होता. पुन्हा लावला, लागेना. तशीच पळाले, पायात चप्पल नाही, पदराचं भान नाही. नवरा मागून ओरडत येत होता.

"ओ बाई, कुठे?" पोलीस आडवा आला.

"मसणात! सर बाजूला!"

त्याला ढकलून मी भोंग्याच्या पेटीचं सील दगडाने फोडलं आणि बटण दाबलं. तुटक, तुटक, तुटक. पोलीस माझा दंड ओढत होता, मी पेटीला चिकटलेली. वर ठिपक्याएवढी माणसं दिसत होती. त्यातला एक घण उचलून उभा. आमची लेक या भोंग्यावर लहानाची मोठी झालीय. तिने त्याला धरलं आणि फरफटत मोठ्या खडकामागे नेलं. दुसरा आपोआप मागे पळाला.

मॅडम लंगडत आल्या. "सील कुणी तोडलं?"

मी सगळं ओकून टाकलं. नवऱ्याने मला पुरं बोलू दिलं, मग पुढे झाला. "बार मी उडवला. सही झालेली मला दिसली होती," एवढंच म्हणाला. पोलिसाने त्याला जीपमध्ये बसवलं.

दुपारी सरकारी स्फोटकखात्याची माणसं आली. न उडालेलं भोक सापडलं. घणवाला जिथे उभा होता, तिथेच, त्याच्या गुडघ्याजवळ. लांबून वायर लावून त्यांनी ते उडवलं तेव्हा जमीन हलली.

"तीन जीव वाचवलेत तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

लेक धुळीने पांढरी झाली होती. मी पदराने तिचं तोंड पुसायला गेले तर तिने माझं मनगट धरलं.

"आई, तुला कधीपासून माहीत होतं?"

"कालपासून. पण नक्की नव्हतं गं..."

"कालच्या ठरल्याप्रमाणे तर मी ओढ्याशी असणार होते."

"हो ना. म्हणूनच तर मी..."

म्हणाले आणि जीभ चावली.

"आणि हे दोघं?" तिने विचारलं.

घण उचलणारा पोरगा दगडावर बसून पाणी प्यायचा प्रयत्न करत होता. सगळं पाणी अंगावर सांडत होतं. कोण कुठला, त्याचं घर कुठे, मला काही माहीत नव्हतं.

लेकीने माझं मनगट सोडलं आणि त्याच्याजवळ जाऊन बाटली धरली.