चिमीची राखण

चिमी चाळिशीला टेकली होती, तरी घरात ती चिमीच. तिचं लग्न झालं नाही, की तिनं होऊ दिलं नाही, याबद्दल घरात दोन मतं होती आणि दोन्ही दादाचीच होती. ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, त्यावरून ती कवळ्या बनवायची, किडलेल्या दातांवर बसवायच्या टोप्या बनवायची. लॅबच्या मालकिणीनं त्या टोप्या भाजायची नवी भट्टी घ्यायची ठरवली आणि ती चालवायला शिकण्यासाठी चिमीला आठवडाभर मोठ्या शहरात पाठवायचं नक्की केलं.

दादाचा घास हातातच राहिला.

"एकटीच?"

"भट्टी एकच आहे दादा. दोघींना कशाला पाठवतील?"

वहिनीला हसू आलं. ते तिनं पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

दादा वाईट माणूस नव्हता. वडील गेल्यावर घर त्यानंच सावरलं होतं. पण त्याच्या काळजीला अंत नसे. चिमीला संध्याकाळी यायला जरा उशीर झाला की तो कोपऱ्यावर जाऊन उभा राहायचा आणि ती दिसली की 'सहज पाय मोकळे करायला आलो होतो' म्हणायचा. आता तर तो कामालाच लागला. कोणाशी बोलू नकोस, कोणी दिलेलं काही खाऊ नकोस, पत्ता विचारायचाच झाला तर पोलिसाला विचार, असं रोज सकाळी सुरू व्हायचं. राहायची सोयही त्यानंच केली. त्याच्या ऑफिसातल्या साहेबांचा एक नातेवाईक लॉजवर मॅनेजर होता. "घरच्यासारखं आहे अगदी," दादा म्हणाला. त्यानं स्वतः ते पाहिलं नव्हतं.

लॉज तसं बरं होतं. जिना स्वच्छ, चादरी धुतलेल्या, खिडकीतून समोरची औषधांची दुकानं दिसायची. मॅनेजर पन्नाशीचा, तुळतुळीत दाढी केलेला. 'ताई, ताई' करत त्यानं बॅग वर नेली, पंखा लावून दाखवला. तो गेल्यावर चिमीनं दाराला कडी लावली, तर कडीचे स्क्रू खिळखिळे. खाली जाऊन सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "अहो, इथं काही होत नाही. दादांनी मला सांगितलंय ना तुमच्याकडे लक्ष ठेवायला."

शेजारच्या खोलीत एक बाई उतरली होती. कुठल्याशा साबण कंपनीसाठी ती गावोगाव हिंडून इस्पितळांना माल विकायची. महिन्यातले निम्मे दिवस असल्याच खोल्यांतून काढणारी. तिनं चिमीला जिन्यात कडीबद्दल बोलताना ऐकलं होतं. वर आल्यावर ती आपणहून म्हणाली, "खोली घेताना आधी कडी बघायची बाई, मग गादी. आपण उलटं करतो."

"आता काय करू मग?"

"टेबल सरकव दाराला. आणि कडीवर स्टीलचा पेला उपडा ठेव. दार हललं की तो पडतो आणि अख्खा मजला जागा होतो. इतकी वर्षं फिरतेय, माझा चौकीदार तोच."

चिमीला हे जरा अतीच वाटलं. पण तिनं ऐकलं.

शिकवणी लॉजपासून फार लांब नव्हती. मोठ्या रस्त्यानं सरळ जायचं, पुलाखालून वळायचं, की कारखान्यासारखी इमारत. पहिल्याच दिवशी जाताना तिला वाटलं, कोणीतरी मागून येतंय. वळून पाहिलं तर रस्ता माणसांनी भरलेला. मागून सगळेच येत होते. दुपारी ती फळांच्या गाडीपाशी थांबली, तेव्हा एक म्हातारेसे गृहस्थ चपलांच्या दुकानासमोर उभे दिसले. तपकिरी टोपी, हातात कापडी पिशवी. चेहरा तिच्या लक्षात राहिला नसता, पण त्यांनी जांभई दिली आणि वरची कवळी घसरून खाली आली. ती त्यांनी जिभेनं पटकन जागेवर बसवली. असली ढिली कवळी चिमी विसरणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी परतताना ती कवळी पुन्हा दिसली. या वेळी बसथांब्यावर.

त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम वेगळ्या रस्त्यानं गेली. टोपी मागे होतीच. ती औषधांच्या दुकानात शिरली, टोपी बाहेर थांबली. ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली, टोपीनंही धापा टाकत रस्ता ओलांडला. शिकवणीत भट्टी कशी तापवायची ते मास्तर सांगत होते आणि चिमीच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. घरी फोन करावा, तर दादा म्हणणार, आधीच सांगितलं होतं. मग आठवडा बोंबलला.

संध्याकाळी सुटल्यावर ती सरळ बसथांब्यावर गेली. तिथे बायका होत्या, कॉलेजची पोरं होती. चांगली पाचपंचवीस माणसं जमल्यावर ती गर्रकन वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "काका, कालपासून माझ्या मागं का फिरताय?"

थांब्यावरची सगळी डोकी एकदम वळली. गृहस्थांचं तोंड उघडं पडलं. एका आडव्या अंगाच्या माणसानं पुढे होऊन त्यांची कॉलर धरली.

"बोल की! बाईंनी काय विचारलं?"

"अहो, मला दादांनी पाठवलंय!"

"कोण दादा? कुठला दादा?" आता आणखी दोघं सरसावले. 'दादा' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे भलताच कोणी उभा राहिला होता.

"यांच्या! यांच्याच दादांनी!" गृहस्थ कळवळून म्हणाले. "यांच्या सख्ख्या भावानं!"

चिमीचा हात कपाळाला गेला. कॉलर सोडवायलाही तिलाच मधे पडावं लागलं. आडव्या माणसानं सोडलं, पण जाता जाता म्हणाला, "भाऊ असा माग काढतो होय?"

गृहस्थ निवृत्त बस कंडक्टर निघाले. दादाच्या एका मित्राचे सासरे. थांब्यावरच्या बाकावर बसून, कॉलर सारखी करत त्यांनी सगळं सांगितलं. दादानं फोन करून विनवणी केली होती, बहीण एकटी आहे, लांबून नजर ठेवा, तिला कळू देऊ नका. "मी म्हटलं, घरी बसून तरी काय करतोय. पण पोरी, तू फार भरभर चालतेस."

चिमीनं तिथूनच दादाला फोन लावला.

"दादा, माझ्या मागं माणूस सोडलास?"

पलीकडून आधी खाकरणं ऐकू आलं. मग, "तुझ्याच भल्यासाठी ना."

"काल रात्री मी जागी होते. कोणाच्या भीतीनं, माहितेय? तुझ्या माणसाच्या."

"त्यांना सांगितलं होतं, दिसू नका म्हणून."

"म्हणजे न दिसता मागं फिरले असते, तर चाललं असतं?"

दादानं जेवलीस का, एवढं विचारलं आणि फोन ठेवला.

कंडक्टर मात्र जायला तयार होईनात. शब्द दिला होता त्यांनी. शेवटी चिमी म्हणाली, "मग मागं नका येऊ. माझ्याबरोबर चाला, नाहीतर लॉजखालच्या चहाच्या टपरीवर बसा." त्यांना टपरी बरी वाटली. दुसऱ्या दिवशीपासून ते लॉजच्या दरवाज्यासमोर बाकावर बसायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याकडे असे बघायचे, जणू तिकीटच विचारणार आहेत.

ते बसायला लागले त्या पहिल्याच संध्याकाळी ते घडलं.

चिमी शिकवणीहून आली. कंडक्टरांनी बाकावरून हात केला, तिनंही केला. मॅनेजर गल्ल्यावर होता, त्यानं आजचा दिवस कसा गेला ते विचारलं. वर येऊन तिनं कडी लावली, दाराला टेबल लावलं, सवयीनं पेला ठेवला, पंखा लावला आणि जरा पडली. बाहेर अजून ऊन होतं. डोळा लागतो न लागतो तोच पेला खणकन फरशीवर पडला.

दार टेबलाला अडलं होतं. फटीत मॅनेजरचा अर्धा चेहरा दिसत होता आणि कडी निखळून लोंबत होती. कुलपात त्याची किल्ली होती.

"पंखा बघायला आलो होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "तक्रार होती ना तुमची?"

तिनं पंख्याची तक्रार केलेली नव्हती. तिनं उठून अंगाचा सगळा भार टाकून टेबल दाराला रेटलं. पलीकडूनही रेटा आला. नुसताच, मुकाट्यानं आणि चांगला जोरात. तेव्हा ती ओरडली. स्वतःचा आवाज एवढा मोठा आहे हे तिला माहीत नव्हतं.

शेजारचं दार धाडकन उघडलं. "कोण आहे रे तो?" साबणवालीनं विचारलं आणि त्याच दमात आणखी दोन दारं ठोकली. मजल्यावरचा एक म्हातारा बनियनवर बाहेर आला, त्याच्यामागं त्याची बायको.

"ओरडताय कशाला?" मॅनेजर एकदम मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी काय वाघ आहे खायला?" आणि जिना उतरून गेला.

चिमीनं भराभर कपडे बॅगेत कोंबले. बॅगेची चेन लागेना, ती साबणवालीनं लावली. "इथं आता एक मिनिट थांबायचं नाही," ती म्हणाली. "नर्सिंग कॉलेजच्या मागं बायकांचं वसतिगृह आहे. मी तिथंच जाणार होते, जागा नव्हती म्हणून इथं पडले. आज दोघी मिळून मागू."

दोघी बॅगा घेऊन खाली आल्या, तेव्हा कंडक्टर बाकावर ताठ बसले होते. "काय झालं? मी इथून हललोसुद्धा नाही. एकही परका माणूस आत गेला नाही!"

"परका नव्हताच," चिमी म्हणाली.

आधी तिघं पोलीस चौकीत गेली. टेबलाशी बसलेल्या हवालदारानं तिघांकडे पाहून कंडक्टरांनाच विचारलं, "बोला, काय तक्रार?"

"तक्रार माझी आहे," चिमी म्हणाली आणि सांगायला लागली. हवालदार लिहीत गेला. मधेच त्यानं विचारलं, "शहरात एकट्याच का आलात?" साबणवाली म्हणाली, "साहेब, ते लिहायचंय का तुम्हाला? नाहीतर पुढचं लिहा." त्यानं पुढचं लिहिलं. साक्षीदार कोण, म्हणाल्यावर साबणवालीनं स्वतःचं नाव दिलं. कंडक्टरही खाकरून पुढे झाले.

"मी पण आहे."

"तुम्ही काय पाहिलंत?"

कंडक्टरांनी जरा विचार केला. "काही नाही," ते म्हणाले आणि खाली मान घालून मागं सरले.

दादाला कंडक्टरांनीच कळवलं. सकाळच्या पहिल्या गाडीनं दादा हजर. चिमी शिकवणीत होती. निरोप आला तर तिनं सांगून पाठवलं, भट्टी चालू आहे, संध्याकाळी भेटते. दादा बिचारा शिकवणीच्या फाटकाबाहेर उभा राहून कंटाळला आणि लॉजवर जाऊन आला. मॅनेजरला उभा आडवा घ्यायला गेला होता. संध्याकाळी भेटला तेव्हा आवाज उतरलेला.

"तो म्हणतो, गैरसमज झाला. पंखा बघायला गेला होता म्हणतो. चहा दिला त्यानं मला."

"प्यायलास?"

दादानं पायातली चप्पल नीट केली.

"पंखा चालू होता दादा. मी त्याच्याचखाली झोपले होते."

दादानं फाटकाच्या गजाला धरलं. मग म्हणाला, "चल, बॅग घे. घरी जाऊ."

"शिकवणी शनिवारी संपते. शनिवारी येईन."

"चिमे, हे एवढं झाल्यावर?"

"झालं ते तू बघितलेल्या लॉजमध्ये झालं. आता आहे ती जागा मी बघितलीय. तुला बघायची असेल तर चल, पण बाहेरूनच. आत पुरुषांना घेत नाहीत."

तो गेला. बाहेरून बघितलं, भिंत बघितली, दाराशी बसलेल्या जाडजूड मावशी बघितल्या. त्यांनी त्यालाच हटकलं, "इथं काय काम आहे?" तेव्हा त्याला जरा बरं वाटलं असावं. रात्री तो कंडक्टरांकडे राहिला आणि दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला.

तक्रारीचं फारसं काही झालं नाही. मॅनेजरला चौकीत बोलावून समज दिली म्हणे. साबणवालीला मात्र तेवढ्यावर चैन पडेना. आपल्यासारख्या फिरणाऱ्या बायकांना तिनं फोन करकरून त्या लॉजचं नाव सांगितलं. निरोप घेताना चिमीला म्हणाली, "पोलिसांपेक्षा हे लवकर पोचतं."

शनिवारी चिमी घरी आली. तिच्या पहिल्या दोन टोप्या भट्टीत तडकल्या होत्या, तिसरी जमली होती. दादानं स्टँडवरून बॅग घेतली, वाटेत हवापाण्याचं बोलला. त्या दिवसाबद्दल ना तेव्हा विचारलं, ना नंतर कधी. फक्त कोपऱ्यावर उभं राहणं बंद झालं. की पाय मोकळे करायची त्याची वेळ बदलली, कोण जाणे.

रात्री भांडी आवरताना वहिनी हळूच म्हणाली, "चिमी, माझी बहीण गेली चार वर्षं बोलावतेय. हे म्हणतात, सवड झाली की नेईन." तिनं पातेलं पालथं घातलं. "मला एकटीनं जायचंय. काय काय बघायचं असतं, सांगशील?"

बाहेरच्या खोलीत दादाचं वर्तमानपत्र सळसळायचं थांबलं. चिमीनं ते ऐकलं. मग हात पुसून ती ओट्याला टेकली आणि आवाज खाली न आणता सांगायला लागली. बरंचसं साबणवालीचं होतं, थोडं तिचं स्वतःचं. वहिनी मधे मधे विचारत होती, आणि पातेली आपली तशीच निथळत होती.