कणसाचे गोठ

खोडाळ्याच्या बाजारात जगन सोनाराला दोन नावं होती. दुकानात बसला की शेठ, होमगार्डची खाकी चढवली की साहेब. सत्तावीस वर्षं त्याने पलटणनायक म्हणून जत्रा, मिरवणुका, निवडणुका सांभाळल्या. आता त्याचे पाय असे दुखत, की बूट घालतानाच त्याला घरी परतावंसं वाटे. दोन डगरींवर हात ठेवू नये म्हणतात. याने आयुष्यभर ठेवला, आणि कुणी हटकलंही नाही.

मे महिन्यात सूर्यमाळच्या बायकांनी पाण्याचा टँकर रस्त्यात अडवला. पाड्यावर यायचा सोडून तो भलतीकडेच निघाला होता. ओढाताणीत ड्रायव्हर पडला, त्याचा हात मोडला. कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं होतं, पण बायकांनी तोंडं पदराने बांधलेली. म्हणून ठाण्यावरच्या साहेबांनी जगनला बोलावून घेतलं.

"जगनराव, तुम्हाला इथलं माणूस न् माणूस ठाऊक. बघा, कोण आहेत ह्या?"

जगनने चष्मा पुसला. टँकरची नळी ओढणारा पहिलाच हात त्याने ओळखला. चेहऱ्याचं काय घेऊन बसलात, सोनार आधी हातच बघतो. मनगटात चांदीचे जाड गोठ, त्यांवर नागलीच्या कणसाची नक्षी. अशी नक्षी आसपास दुसरं कुणी काढत नाही, आणि त्याने ती एकाच बाईला काढून दिली होती. सूर्यमाळच्या माघीला, तिच्या लग्नात. नाव सांगितलं तर माघीवर गुन्हा, न सांगितलं तर अंगावरच्या खाकीशी बेइमानी. ह्या वयात हेही आपल्याच वाट्याला यावं, याचा त्याला मनस्वी कंटाळा आला.

"नाही ओळखत, साहेब," तो म्हणाला.

खोटं बोलून तो सुटला होता. दारापर्यंत गेलाही होता. साहेब मोबाइल ठेवता ठेवता सहज म्हणाले, "तुम्ही तरी काय ओळखणार म्हणा. ह्या बाईच्या हातात जर्मनची खोटी कडी, आणि तोरा बघा!"

"जर्मन?" जगन गर्रकन वळला. "अस्सल चांदी आहे ती! मी स्वतः घडवलेत ते गोठ!"

शब्द गेला तो गेलाच. साहेब हसले नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची पुढे सरकवली. जगन बसला, आणि अर्ध्या तासाने त्याने नाव सांगितलं.

जामिनावर सुटलेली माघी पुढच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी दुकानात आली. तिच्याकडे बघायची जगनची छाती झाली नाही. तिने दोन्ही गोठ काढून काउंटरवर ठेवले.

"माघी, चुकलो बाई मी," तो म्हणाला. "तुझं नाव घेणार नव्हतो. पण माझ्या कामाला खोटं म्हटलं, ते मला सोसलं नाही."

ती रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. पण पाड्यावरून चालत आलेली माघी दमून नुसती स्टुलावर टेकली.

"माला ठावं हाय, शेठ. तुझं काम लय चांगलं हाय," ती म्हणाली. "हे मोडीत घे. माला कारखान्यातले दे, कोनाच्याच हातचे नसतील असे."