कोपऱ्यापलीकडची पेटी

मित्रांनो, मी राहतो घराबाहेर आणि ऊब देतो घरातल्यांना. मी एक जुना हीट पंप आहे. नेमके सांगायचे तर त्याचा बाहेरचा अर्धा भाग. माझा दुसरा अर्धा भाग आत भिंतीवर ऐटीत बसलेला असतो. घर उबदार झाले की पाहुणे त्याच्याकडे बघून मान डोलावतात, आणि मी इकडे गारठ्यात घरघरत असतो. पण माझी तक्रार त्याबद्दल नाही. माझ्या पत्र्याच्या पोटात वर्षभर एक गोष्ट सलते आहे. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला बरे वाटणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तांब्याच्या नळ्या, त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांची जाळी, पोटात कॉम्प्रेसर आणि वर तीन पात्यांचा पंखा, असे माझे रूप. बाहेरच्या थंड हवेतही थोडी ऊब लपलेली असते. ती गोळा करून आत पाठवायची, हे माझे काम. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते, पण खरेच तसे आहे. माझ्या पंख्याचा तर मला फार अभिमान होता. वाऱ्यालाही लाजवील असा तो फिरायचा.

या घराच्या बाजूच्या बोळात मला बसवले, तेव्हाच एक चूक झाली. माझी वीज तोडायची एक छोटी पेटी असते. ती माझ्यासमोरच असायला हवी. बसवणाऱ्याने ती कोपऱ्यापलीकडे, मागच्या दाराशी लावली. "इथं वर छप्पर आहे, पाऊस लागणार नाही," असे म्हणून तो शीळ घालत निघून गेला. पेटी माझ्यापासून चारच पावलांवर होती, पण वळणाआड. तिच्यात मुठीएवढा ठोकळा बसतो. ठोकळा ओढून काढला की माझी वीज तुटते, आणि परत खोचला की येते.

घरात तीन माणसे. आजोबा, त्यांची सून आणि पाच वर्षांची नात छकुली. छकुलीचे बाबा कामासाठी दूर असतात. छकुलीची छाती नाजूक आहे. घर गार पडले की ती रात्रंदिवस खोकते, आणि तिच्या प्रत्येक ढासेबरोबर आजोबांचा जीव खालीवर होतो. म्हणूनच घरात माझ्याकडे सगळ्यांत जास्त लक्ष कोणाचे, तर आजोबांचे. माझ्यावरची पाने तेच काढायचे. एकदा पापुद्र्यांवर बर्फ धरला, तर तो खरवडायला ते उलथने घेऊन आले होते!

"अहो आजोबा, काय करताय!" तेव्हा तीनदाकाकांनी त्यांचा हात धरला होता. "ही जाळी कागदासारखी आहे. वाकली की हवा कोंडली म्हणून समजा. बर्फ आपोआप वितळू द्यायचा. वितळत नसेल तर मला फोन करायचा."

तीनदाकाका म्हणजे माझे मेकॅनिक. हे नाव छकुलीने ठेवले. दर वर्षी थंडीच्या आधी ते यायचे. आल्याबरोबर पेटीतला ठोकळा काढायचे आणि स्वतःच्या खिशात टाकायचे. मग वीज तपासायचा छोटा मीटर घेऊन आधी दुसरीकडची चालू वीज तपासायचे, मग माझ्या तारा, मग पुन्हा चालू वीज. "तीनदा का?" छकुलीने विचारले होते.

"अगं, हा मीटरच झोपलेला असला तर तो सगळ्यांनाच झोपलेलं म्हणेल ना! म्हणून आधी त्याला जागं करून बघायचं, नंतरही बघायचं."

वीज तोडली तरी माझ्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज दबा धरून बसते. काका तीही आधी काढून टाकायचे. इतक्या वर्षांत त्यांनी कधी घाई केलेली मला आठवत नाही. त्यांचा हात माझ्या पोटात असला की मला डॉक्टरच्या हातात असल्यासारखे निर्धास्त वाटायचे.

पण माणूसच तो. दोन वर्षांपूर्वी काम संपवून ते ठोकळा खिशातच घेऊन घरी गेले. तो दिवस शनिवारचा. ते दुसऱ्या गावी निघून गेले आणि फोन लागेना. दोन दिवस घर गोठले. छकुलीचा खोकला इतका वाढला की तिला दवाखान्यात न्यावे लागले. सोमवारी काका धापा टाकत आले, कान धरून माफी मागितली. आजोबा रागावले नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते बाजारात जाऊन तस्साच आणखी एक ठोकळा घेऊन आले.

हा त्यांचा स्वभावच आहे. त्यांच्याकडे सगळे दोन-दोन असते. दोन छत्र्या, दोन चष्मे, दोन बॅटऱ्या. "बाबांचं चाललं असतं तर त्यांनी सूनही दोन आणल्या असत्या," असे सूनबाई हसून म्हणायच्या. जादा ठोकळा स्वयंपाकघराच्या खणात, काडेपेट्यांच्या शेजारी जाऊन बसला. काकांना ते कोणी सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे, असे कोणाला वाटलेच नाही.

मागच्या थंडीत माझ्या अंगावरचा बर्फ वितळेनासा झाला. बर्फ धरल्याची खबर देणारा माझा छोटा सेन्सर बिघडला होता. मी पांढरा गोळा होऊन नुसता गुरगुरत होतो आणि घर गार पडत चालले होते. सूनबाईंनी फोन केला. काका त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मेहुण्याबरोबर गाडीने आले. आजोबा तेव्हा छकुलीचे औषध आणायला गेले होते.

काकांनी ठोकळा काढला, खिशात टाकला. तीनदा तपासले. कपॅसिटर रिकामा केला. कोमट पाण्याने हळूहळू बर्फ उतरवला. मग मेहुण्याला म्हणाले, "तू गाडी घेऊन दुकानात जा, नवा सेन्सर आण. तोवर मी आतली पानं काढतो." गाडी गेली. काकांनी पंख्यावरची जाळी उघडली, गुडघ्यांवर बसले आणि पंख्याच्या खाली हात घालून कुजलेली पाने काढू लागले. आत सूनबाई छकुलीला वाफ देत होत्या.

तेवढ्यात आजोबा परत आले.

गाडी दिसली नाही. घर गार. आतले बटण चालू, पण भिंतीवरचा माझा अर्धा भाग मुका. मागच्या दाराशी पेटी रिकामी. आतून छकुलीच्या खोकल्याचा आवाज आला. "घेऊन गेला की हा परत!" असे आजोबा स्वतःशीच बोललेले मी ऐकले. मग खण उघडल्याचा आवाज. मग पेटीत ठोकळा बसल्याचा आवाज.

मित्रांनो, माझ्या अंगात वीज आली.

वीज आली तरी मी लगेच सुरू होत नाही. तीन मिनिटे थांबतो. कॉम्प्रेसरला धक्का बसू नये म्हणून कारखान्याने ती सवय मला लावली आहे. ती तीन मिनिटे माझ्या रक्षणासाठी होती, काकांच्या नव्हे. झाकणाखाली माझा लहानसा दिवा लागला, पण काकांचे डोके दुसऱ्या बाजूला होते. ते कुठलेसे जुने गाणे गुणगुणत एकेक पान बाहेर काढत होते. मला ओरडायचे होते. मला फक्त घरघरता येते, आणि तेही सुरू झाल्यावर. आजोबा चार पावले चालून आले असते तर! ते आले नाहीत. ते खोकणाऱ्या नातीकडे धावले, आणि त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केले असते.

तीन मिनिटे संपली. माझ्या पोटात 'टक्' झाले. काकांनी तो आवाज ओळखला आणि हात मागे ओढला. जवळजवळ निघालाच होता.

ज्या हाताने मला इतकी वर्षे जपले, त्याच हाताच्या दोन बोटांवर माझे पाते बसले. ज्या पंख्याचा मला अभिमान होता, त्याचेच पाते.

किंकाळी ऐकून आजोबा बाहेर आले. त्यांनी आधी ठोकळा उपटला आणि मग ती चार पावले चालले. सूनबाईंनी टॉवेल गुंडाळला. मेहुणे परतले आणि गाडी तशीच दवाखान्याकडे वळवली. बोळात ओल्या पानांचा ढीग राहिला. आजोबांच्या मुठीतला ठोकळा सूनबाईंनी काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण ती मूठ उघडेना.

पुढे मेहुण्यांनी सेन्सर बदलला आणि पेटीही माझ्यासमोर आणून लावली. मी पुन्हा छान चालू लागलो, छकुलीचा खोकलाही कमी झाला. पण आजोबा माझ्याकडे यायचे बंद झाले. पाने साठली तरी सूनबाईच काढायच्या. मला वाटे, ते माझ्यावर रागावले. नंतर कळले की ते स्वतःवरच रागावले होते.

थंडीच्या आधी, नेहमीच्या दिवशी, बोळात ओळखीची पावले वाजली. तीनदाकाका! उजव्या हाताचे एक बोट अर्धे, दुसरे लाकडासारखे ताठ. मागोमाग आजोबा आले, कितीतरी महिन्यांनी. त्यांनी रुमालात बांधलेला जादा ठोकळा पुढे केला.

"हा घ्या. माझ्या हातून..."

"आजोबा, मीही चुकलोच की," काका म्हणाले. "ठोकळा खिशात टाकला म्हणजे सगळ्यांना कळलं, असं धरून चाललो. दाराशी एक पाटी अडकवली असती, एक कुलूप लावलं असतं, तर तुम्ही थांबला असता. आणि दोन वर्षांपूर्वी मी विसरलो नसतो, तर तुम्ही हा आणलाच नसता."

त्यांनी पेटीतला ठोकळाही काढला आणि दोन्ही ठोकळे खिशात टाकले. मग पिशवीतून एक लाल कुलूप काढले. डाव्या हाताने पेटीचे झाकण दाबून धरले, उजव्याने कुलूप लावू लागले. ताठ बोट वळेना. दोनदा प्रयत्न केला, कुलूप निसटले.

"आजोबा, जरा दाबता का?"

आजोबांनी कुलूप दाबले. ते लागले, आणि काकांनी किल्ली गळ्यातल्या दोरीला अडकवली. मग मीटर काढून तीनदा तपासले. छकुली खिडकीतून मोठ्याने मोजत होती. तरीही काकांनी हात आत घातला नाही. ते मोठ्याने म्हणाले, "आजोबा, हात घालतोय हो!"

आजोबा पेटीसमोर स्टूल टाकून बसले होते. "घाला. मी इथंच आहे."

तेव्हा कुठे तो हात माझ्या पोटात आला. अर्धे बोट माझ्या नळीवरून फिरले, आणि मित्रांनो, मला खूप रडावेसे वाटले.

आता मी थकलो आहे, अंगावर गंज चढतो आहे, लवकरच माझ्या जागी नवा येईल. त्याला जपा. त्याच्याभोवती पाने साठू देऊ नका, बर्फ खरवडू नका, आणि झाकण उघडायचे काम जाणत्या माणसावरच सोपवा. आणखी एकच मागणे आहे. पेटी रिकामी दिसली तर लगेच काही खोचू नका. आधी चार पावले चालून जा, कोपऱ्यापलीकडे बघा आणि मोठ्याने विचारा, "कोणी आहे का?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. पण तिथे गुडघ्यांवर बसलेला माणूस नक्की देईल.