घमेल्यातलं निळं पाणी

डब्बूला मोरचूद मी पाजलं, तेही त्याच्याच घमेल्यातून. मुद्दाम नाही. पण माझ्या मनात काय होतं त्यानं त्याच्या पोटात गेलेलं तांबं कमी होणार नव्हतं.

मे महिन्याचा दुसरा आठवडा चालू होता. सौसरच्या आमच्या घराचा मागच्या खोलीवरचा स्लॅब दोन पावसाळे गळत होता. यंदा उन्हाळ्यात तो दुरुस्त करायचाच, असं बाबांनी ठरवलं होतं. मिस्त्रीही ठरला होता, पण तो राहतो सीमेपलीकडे, मोटारसायकलनं अर्ध्या तासावर. एरवी मध्य प्रदेश कुठे संपतो आणि महाराष्ट्र कुठे सुरू होतो हे रस्त्यावर कळतही नाही. मार्चच्या शेवटी टाळेबंदीत तिथे बॅरिकेड लागलं आणि ते सगळ्यांनाच कळलं.

"मग आपणच करू," बाबा म्हणाले. बाबा शाळेत गणित शिकवतात आणि शाळा बंद होती. मी नागपूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून तिथल्याच एका प्रयोगशाळेत लागले होते. चार दिवसांसाठी म्हणून घरी आले आणि अडकले.

घरात दोन कुत्रे. भुरी सहा वर्षांची, शहाणी, सावली सरकेल तशी सरकणारी. डब्बू वर्षाचाही नव्हता. बसस्टँडसमोरचं हॉटेल बंद पडलं, उष्ट्यावर जगणारी पिल्लं गावभर पांगली, त्यातलं हे एक आमच्या फाटकाखालून आत आलं ते आलंच. आम्ही गच्चीवरच्या भेगा खरवडायचो आणि निघालेले तुकडे खाली अंगणात टाकायचो. डब्बू त्यातला एकेक तोंडात धरून जिन्यानं वर आणायचा आणि माझ्या पायाशी ठेवून शेपूट हलवायचा. एका सकाळी मी मोजले, एकतीस तुकडे झाले.

"तू टाकून राहिली, तो आणून राहिला," आई खालून म्हणायची. "स्लॅब होईल दिवाळीले."

शेजारच्या भैय्याजींकडे बांधकामातलं उरलेलं सिमेंट होतं, ते मिळालं. भेगा भरल्या, वर बारदाना अंथरला आणि दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. त्या ओल्या बारदान्यावर दोन्ही कुत्रे दुपारभर पोट टेकून पडून असायचे. बाहेर चव्वेचाळीस अंश. मला त्यांचा हेवा वाटायचा.

राहिला फक्त एक कोपरा. तिथे पावसाचं पाणी साचतं आणि शेवाळानं तो काळा झाला होता. तिथे बोर्डो लावायची कल्पना माझी. बोरगावकडे आमची दोन एकर संत्र्याची बाग आहे. खोडावर बुरशी येऊ नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून झाडांना लावतात, ते बोर्डो. मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठ. ते बुरशी मारतं तसं शेवाळही मारतं. दोन्ही वस्तू घरच्या कोठीत पडूनच होत्या.

त्याच सकाळी बाग सांभाळणारे नत्थूजी वांगी द्यायला आले. फाटकाबाहेर उभं राहून, तोंडावर गमछा बांधून त्यांनी माझा सरंजाम पाहिला.

"काय करून राहिली पोरी? झाडाचं औषध घराले?"

"शेवाळ मरते न काका त्यानं."

"मरन तं मरन. इळा बुडवून पाहजो मात्र."

बागेत हे सगळेच करतात. तयार बोर्डोमध्ये लोखंडी विळा क्षणभर बुडवायचा. पात्यावर तांबूस रंग चढला, तर काही तांबं अजून सुटं आहे, चुना आणखी घालायचा. पातं स्वच्छ निघालं तर औषध बरोबर.

"गरज नाही काका. मी हिशोब केला आहे. अर्ध्या किलोला अर्धा किलो."

"चुना कवाचा हाय?"

"कोठीतला."

"मंग हिशोबाले काय मालूम चुना कवाचा हाय ते?" नत्थूजी हसले आणि सायकलवर बसून गेले.

चुन्याचं पोतं दोन वर्षं उघडं होतं. उघडा चुना हवा खाऊन मरतो, त्याचा साधा खडू होतो, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तरी मी विळा आणला नाही. मी भिंतीवर पेन्सिलीनं केलेला हिशोब पुन्हा एकदा पाहिला. तो बरोबर होता.

एक गोष्ट मात्र मला नेमकी आठवली. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवत नाहीत, ते लोखंड खातं. सिमेंटचं घमेलं लोखंडी होतं. घरात प्लास्टिकचं घमेलं एकच, जिन्याखाली कुत्र्यांच्या पाण्याला ठेवलेलं. त्यातलं पाणी तुळशीला ओतून मी ते उचललं. हे आपल्या लक्षात राहिलं याचा मला आनंदही झाला.

अकरापर्यंत कोपरा रंगवून झाला. ब्रश वाळू नये म्हणून घमेल्यात दोन तांबे पाणी ओतलं, ते जिन्याखाली सावलीत ठेवलं आणि मी अंघोळीला गेले. सावलीतली जागा म्हणून ठेवलं. ती त्या घमेल्याची नेहमीची जागा होती.

बाहेर आले तेव्हा डब्बूच्या ओठांभोवती फिकट निळं लागलं होतं. तो माझ्याकडे पाहून शेपूट हलवत होता. मग एकदम पाठ कमानीसारखी करून तो ओकला. फरशीवर निळसर हिरवं पाणी पसरलं. पुन्हा ओकला. तिसऱ्यांदा ओकताना त्याचे मागचे पाय वाकले.

आईनं त्याला मांडीवर घेतलं. बाबांनी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. भुरीला इंजेक्शन द्यायला ते एकदा घरी आले होते. मी फोन स्पीकरवर घेतला.

"वजन किती?"

बाबा डब्बूला उचलून काट्यावर उभे राहिले, मग एकटे उभे राहिले. "चौदा किलो."

"प्यायला किती?"

घमेल्याच्या कडेला ओलीची रेघ होती. मी अंदाज केला. "वाटीभर. फार तर दीड."

"ओकला हे चांगलं झालं. मोरचूद स्वतःच ओकवतं. आता सांगा, चुन्यानं ते पूर्ण मारलं होतं का? का सुटं होतं?"

मी स्वयंपाकघरातून विळा आणला, राखेनं घासला आणि उरलेल्या पाण्यात धरला. मनात तीसपर्यंत मोजलं. बाहेर काढला तेव्हा पातं बोटभर लांबीपर्यंत तांब्याच्या नव्या पैशासारखं लाल झालं होतं.

"सुटं आहे," मी म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "अंड्याचं पांढरं पाजा. दूध पाजा, थोडं थोडं. आणि तीन दिवस लघवी पाहा. पिवळी असली तर ठीक. काळ्या चहासारखी झाली तर रक्त फुटतंय समजा. मग रक्त चढवावं लागेल, त्याची सोय नागपूरला. आणि नागपूरचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे."

आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. आई कंपाउंडच्या भिंतीशी गेली. "भैय्याजी! अंडे आहेत काय?"

भिंतीपलीकडून भैय्याजींचं डोकं वर आलं. "वहिनी, तुम्ही? अंडे?"

"विचारू नका जी. द्या."

त्यांनी सहा अंडी पिशवीत घालून भिंतीवर ठेवली आणि नियमाप्रमाणे सहा फूट मागे सरकले. आईनं पहिलं अंडं इतक्या जोरात आपटलं की ते तिच्या हातातच फुटलं. दुसऱ्यापासून जमलं. मी डब्बूचा जबडा धरायचे, बाबा चमच्यानं पाजायचे.

"तुमचाच तो मेला चुना," आई बाबांना म्हणाली. "दोन वर्षांपासून सांगून राहिले, फेका म्हणून." दिवसभर ती त्यांच्यावरच चिडत राहिली आणि दिवसभर मी ते ऐकून घेतलं.

संध्याकाळी मला ते सहन होईना. "आई, चुना जुना होता हे मला माहीत होतं. पाहायचं ते मी पाहिलं नाही. आणि घमेलंही मीच तिथे ठेवलं."

"माहीत आहे मला."

"मग बाबांवर कशाला ओरडून राहिलीस?"

"तुझ्यावर ओरडले असते तर तू रडत बसली असतीस. अंडं कोणी पाजलं असतं?" बाबा खाली मान घालून डब्बूचं पोट चोळत होते. ते हसले असावेत.

दुसऱ्या दिवशी तो उठला, पण चालताना भिंतीला अंग घासत होता. खरी अडचण वेगळीच होती. डब्बू जायचा रस्त्यावरच्या विजेच्या खांबाशी आणि तिथली माती काळी. काळ्या मातीवर कुठलाच रंग दिसत नाही. पिवळं की चहासारखं, कळायला मार्ग नाही.

"खाली काहीतरी पांढरं हवं," मी म्हणाले.

"कणीक देणार नाही मी," आई म्हणाली. मग तीच देवघरातून रांगोळीचा डबा घेऊन आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खांबाभोवती जाड पांढरं रिंगण घातलं. भुरीनं आधी येऊन ते वापरलं. आईनं त्यावर नवी रांगोळी टाकली. डब्बू आला, हुंगलं, शिंकला, दोन फेऱ्या मारल्या आणि फाटकाशी जाऊन बसला. पंधरा मिनिटं गेली. भैय्याजी दूध घेऊन येत होते, ते लांबूनच थांबले.

"आज कोणता सण जी, मास्तर? खांबाची पूजा?"

"लघवीची वाट पाहून राहिलो," बाबा म्हणाले.

भैय्याजी हसले नाहीत. दुधाची पिशवी हातात धरून तेही वाट पाहत उभे राहिले.

शेवटी डब्बू उठला, खांबाशी आला आणि त्यानं पाय वर केला. आम्ही तिघं खाली वाकलो. मी गुडघ्यावर बसले. पाच वर्षं मी परीक्षानळ्यांमध्ये रंग पाहिले आहेत. फिकट, गडद, एका थेंबानं बदललेले. इतका वेळ कुठल्याच रंगाकडे पाहिलं नव्हतं.

"काय रंग?" बाबांनी विचारलं.

"पिवळा."

"नक्की?"

"तुम्हीच पाहा न."

त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. आईनं पाहिलं. भैय्याजींनी सहा फुटांवरूनच मान हलवली.

"धुऊन टाक आता ते," आई मला म्हणाली. "लोक पाहतील तर काय म्हणतील."

मी नळावरून बादली भरून आणली. खांबापर्यंत पोचायच्या आतच डब्बू आडवा आला आणि त्यानं माझ्या हातातल्या बादलीत तोंड घातलं. मी तिथेच थांबले. त्याला नीट पिता यावं म्हणून बादली थोडी तिरपी केली. तो बराच वेळ प्यायला. पाण्याचा वाससुद्धा त्यानं घेतला नाही.