दोन छपरांची शाळा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी शिडी आहे. जुनी म्हणाले, मोडकी नाही म्हणाले. ऐकताना नीट ऐकावं. शहराच्या शिक्षण मंडळाच्या जेवढ्या शाळा आहेत, तेवढ्यांच्या छतांना माझं डोकं टेकलेलं आहे. मंडळाचे अध्यक्ष येतात नि जातात, त्यांच्या तसबिरी भिंतीवर लागतात. पण तसबिरीचा खिळा ठोकणारा मिस्त्री उभा असतो तो माझ्या अंगावर. तेव्हा मोठेपणा काय असतो, ते मला कुणी शिकवायला येऊ नये.

एक जुनी शाळा पाडली, तेव्हा माझा जन्म झाला. तिच्या छपराचे लांबलचक वासे मंडळाच्या सुतारखान्यात आले. त्या काळी मंडळाचा स्वतःचा सुतारखाना होता. बाक, फळे, कपाटं सगळं तिथेच बनायचं. तिथले म्हातारे मिस्त्री हाताने कडक आणि तोंडाने त्याहून कडक. वाशांवर हात फिरवून ते म्हणाले, "या लाकडानं जन्मभर पोरांच्या डोक्यावर सावली धरली. याचं सरपण केलं तर हात झडतील माझे." मग त्यांनी मला घडवलं. तासलं, पायऱ्या बसवल्या, तेल पाजलं. शेवटी स्वतः टोकाला चढले आणि तिथे उभे राहून चक्क नाचले.

"मिस्त्री, पडाल!" खालून कुणी ओरडलं.

"पडलो तर शिडी वाईट. नाही पडलो तर मी चांगला!"

ते पडले नाहीत. माझ्या अंगावरून आजवर कुणीच पडलेलं नाही. सांगून ठेवते.

आता मंडळ म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. शहर मोठं. शाळा इतक्या, की कचेरीतल्या साहेबांनासुद्धा सगळ्यांची नावं सांगता यायची नाहीत. या सगळ्यांचा संसार ज्या एका घरातून चालतो, ते घर म्हणजे मंडळ. लोक घरपट्टी भरतात, तिच्यातला वाटा मंडळाला मिळतो. वरून सरकार देतं ते पोरांची डोकी मोजून देतं. जितकी पोरं, तितका पैसा. पोरं घटली की पैसा घटतो. पैसा घटला की छप्पर गळतं. छप्पर गळलं की आईबाप पोराला काढून दुसरीकडे घालतात, म्हणजे पोरं आणखी घटली. आजारी माणसाच्या ताटातलं काढून घ्यायचं आणि वर त्यालाच विचारायचं, "का रे बाबा, असा वाळलास कशानं?" त्यातली ही गत.

बरं, आलेला पैसा काही एका गाठोड्यात नसतो. त्याचे डबे असतात. पगाराचा डबा वेगळा, पुस्तकांचा वेगळा, दुरुस्तीचा वेगळा आणि नव्या बांधकामाचा वेगळा. या डब्यातलं त्या डब्यात घालायचं नाही, असा कायदा. कायदा वाईट नाही हं. पूर्वी कुणी शहाण्याने शिक्षकांच्या पगारातून कमानी उभारल्या असतील, म्हणून तो करावा लागला असेल. पण एक डबा काठोकाठ भरलेला आणि शेजारचा खडखडीत, अशा घरात संसार करून बघा म्हणजे कळेल.

माझी उमेदीची वर्षं मजेत गेली. मी दिवे लावले, पंखे टांगले, गॅलरीत अडकलेले चेंडू काढून दिले. एकदा घड्याळाच्या मागे मैनेचं घरटं निघालं, तर पिल्लं उडेपर्यंत मला तिथून हलवलं नाही. शाळेने तोवर बंद घड्याळावर दिवस काढले. एवढी उंच शिडी मंडळाकडे मी एकटीच. म्हणून एक रिवाज पडला: शिडी जिथे, मिस्त्री तिथे. मी ज्या शाळेत उभी, त्याच शाळेचं काम व्हायचं. बाकीच्यांनी आपल्या पाळीची वाट बघायची. मी यायची म्हटलं की शाळेतले शिपाई फाटकाशी येऊन उभे राहायचे. एवढा मान सासरी आलेल्या जावयालाही मिळत नसेल.

मग कचेरीत कुणाच्या तरी डोक्यात आलं की बाहेरून विकत घेतलेलं स्वस्त पडतं. सुतारखान्याला कुलूप लागलं. बाहेरचे बाक आले आणि वर्षभरात डुगडुगायला लागले. माझ्या शेजारी अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या आल्या. चकचकीत पोरी! पण उंची बेताची, आणि माणूस चढला की अंग चोरतात. मला स्टोअरच्या भिंतीला आडवं टाकलं. माझ्यावर फडकी वाळत घातली. कुणी रंगाचा डबा उपडा केला, त्याचा हिरवा ओघळ अजून माझ्या अंगावर आहे. बोलले नाही कुणाला. बोलून कोण ऐकणार होतं?

अशात एक दिवस कालव्याजवळच्या शाळेची चिठ्ठी आली. तिथल्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, लिहिलं होतं की वरच्या मजल्याचं छप्पर गळतंय. वरच्या मजल्यावर पहिली-दुसरीचे वर्ग. लवकरच इमारतींची पाहणी व्हायची होती. वरच्या खोल्या ओल्या दिसल्या तर मजल्याला कुलूप लागणार. खाली तेवढी जागा नाही, तेव्हा ती चिमुरडी पोरं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत जाणार. तो रस्ता असा, की मोठी माणसंसुद्धा एकमेकांचा हात धरून ओलांडतात. आणि ही पोरं गेली की पुढच्या वर्षी तिसरीत कोण येणार? दोन-चार वर्षांत शाळाच बंद.

मी गेले. माझ्यामागे मिस्त्री आले. म्हाताऱ्या मिस्त्रींचे पुतणे ते. पण पत्रे कुठे होते? दुरुस्तीचा डबा रिकामा. मिस्त्री रोज यायचे, छपराकडे बघायचे, चहा प्यायचे, जायचे. तेवढ्यात टेकडीवरच्या शाळेने मला मागितलं. त्यांचं संमेलन होतं, मांडवात दिवे लावायचे होते.

मोठ्या बाईंनी काय करावं? मला हॉलच्या रंगमंचावर नेलं, पडद्यामागे उभं केलं आणि पडदा ओढून घेतला.

मंडळाचे स्टोअरवाले म्हणजे बाईंचे सख्खे धाकटे दीर. ते तरातरा आले.

"वहिनी, शिडी कुठे आहे?"

"कुठली शिडी, भाऊजी?"

"ती पडद्याच्या वरून डोकं काढून आपल्याकडे बघतेय, ती!"

माझी उंचीच नडली. बाईंनी वर बघितलं आणि तोंडावरची सुरकुतीही हलू दिली नाही. "अगंबाई! ही कधी आली?"

"वहिनी, घरी तुम्ही वाढाल ते मी मुकाट खातो. पण इथे मी स्टोअरवाला आहे. टेकडीवरचे सर सकाळपासून फोनला चिकटलेत. त्यांना दिवे लावायचेत."

"लावू देत की. माझ्याकडे उजेड भरपूर आहे, छतातूनच येतो. आणि भाऊजी, त्यांचे पालक पंखेसुद्धा वर्गणीने बसवतात. त्यांनी चार दिवस कळ काढली तर त्यांच्या पोरांना रस्ता नाही ओलांडावा लागणार."

भाऊजी मिस्त्रींकडे वळले. मिस्त्री कोपऱ्यात बशीत चहा ओतत होते. "माझ्याकडे बघू नका. शिडी जिथे, मिस्त्री तिथे. रिवाज मी मोडत नाही."

भाऊजींनी मला आडवं करून एक टोक धरलं. बाईंनी दुसरं. दीर-भावजयीची अशी काही रस्सीखेच लागली की पडद्याच्या कड्या तुटून पडल्या. नेमक्या त्याच वेळी दारात मंडळाच्या इमारत खात्याच्या मॅडम येऊन उभ्या राहिल्या. टेकडीवरच्या सरांनी कचेरीत तक्रार केली होती. शिवाय पाहणीही याच मॅडम करायच्या. म्हणजे ज्यांच्यासमोर शाळेने शहाण्यासारखं दिसायला हवं, त्यांच्यासमोर मोठ्या बाई पदर खोचून शिडी ओढत होत्या!

बाईंचा चेहरा उतरला. पण त्या मागे सरल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, मी शिडी लपवली. काय लिहायचं ते लिहा. पण आधी एकदा वर चढून बघा. खालून बघून लिहू नका."

मला वरच्या मजल्यावर, पहिलीच्या वर्गात उभं केलं. मॅडमनी चपला काढून ठेवल्या आणि चढायला लागल्या. मधल्या पायरीवर थांबून त्यांनी माझे दांडे दोन्ही हातांनी आवळले.

"बाई, धरलंय ना?"

"घट्ट धरलंय. तुम्ही वर बघा. खाली मी आहे."

मित्रांनो, माझ्या अंगाला आजवर कितीतरी हात लागले. पण एका बाईने दुसरीसाठी मला जसं धरलं, तसं कुणी धरलं नव्हतं. बाईंच्या तळहातांना घाम फुटला होता. मी हूं की चूं केलं नाही.

मॅडम वर पोचल्या आणि म्हणाल्या, "अहो, आभाळ दिसतंय की!"

"रात्री चांदण्याही दिसतील," मिस्त्री म्हणाले. "विज्ञानाचा तास फुकटात."

मॅडम उतरल्या आणि पहिलीतल्या एका इवल्याशा बाकावर, गुडघे हनुवटीला लावून बसल्या. म्हणाल्या, "बाई, मला कळतंय. पण दुरुस्तीला या वर्षी दमडी उरलेली नाही. नव्या बांधकामाला आहे. म्हणत असाल तर मागच्या अंगणात नवीकोरी शेड बांधून देते. पण या जुन्या छपरावर एक पत्रा टाकायची मला सोय नाही."

"शेडमध्ये काय ठेवू? सायकली?" बाईंचा आवाज चिरकला. बाईंना चिडताना मी पाहिलं होतं, रडवेलं झालेलं पहिल्यांदाच बघत होते. भाऊजींनाही ते सोसलं नसावं. ते भडकून म्हणाले, "मग असं करा की मॅडम! जुन्या छपराला हातच लावू नका. त्याच्या डोक्यावर दुसरं छप्पर बांधा. झालं नवीन बांधकाम! टोपीवर टोपी!"

आणि स्वतःच हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

"पुन्हा बोला," मॅडम म्हणाल्या.

"अहो, चेष्टा केली मी."

"मग चेष्टाच पुन्हा बोला."

तर मित्रांनो, तसंच झालं. मंडळाच्या सभेत विषय निघाला. मी काही तिथे नव्हते, पण भाऊजींनी स्टोअरमध्ये ती सभा इतक्या वेळा सांगितली, की मला तोंडपाठ आहे. दर खेपेला त्यांचं स्वतःचं भाषण तेवढं लांबत गेलं. एका सदस्याने विचारलं, "छपराला छप्पर? लोक हसतील."

मॅडम म्हणाल्या, "हसू देत. हसणारे कोरडे असतात. वरचं छप्पर स्वतःच्या खांबांवर, जमिनीपासून उभं राहील. जुन्याला बोटभरही टेकणार नाही. मग ते नवीन बांधकाम नाही तर काय आहे? दोन छपरांना बंदी असलेला नियम मला दाखवा."

मागच्या खुर्च्यांवर मोठ्या बाई आणि कालव्याकाठच्या आया बसल्या होत्या. नियम कुणालाच सापडला नाही. हात वर झाले आणि छप्पर मंजूर झालं.

लोखंडी खांब आले, निळे पत्रे आले. ते इतके उंच गेले, की मी पुरले नाही. जन्मात पहिल्यांदा कुठल्या तरी छपरापुढे मी ठेंगणी ठरले. वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू? पण आपल्यापेक्षा उंच झालेल्या लेकराकडे आई मान वर करून बघते ना, तशी मी बघत राहिले.

पाहणी झाली. आदल्या रात्रभर पाऊस कोसळला होता. मॅडमनी भिंतींवर हात फिरवला, हात कोरडा निघाला. "खोल्या वापरायोग्य," त्यांनी लिहिलं. पहिली-दुसरी जागेवर राहिली. खालच्या छपराचं भोक अजून तसंच आहे. दुरुस्तीचा डबा भरला की बुजवू म्हणतात. पोरं त्यातून वर बघतात, तर निळा पत्रा दिसतो. पहिलीतली एक मुलगी दुसरीला सांगत होती, "आमच्या वर्गातलं आभाळ रंगवून घेतलंय."

टेकडीवरच्या शाळेने चार दिवसांत वर्गणी काढून नवी शिडी घेतली. माझा राग नाही. पण ज्या शाळेच्या पालकांच्या खिशात वर्गणी नाही, तिने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? सगळ्यांच्या घरपट्टीतून चालणारं घर आहे ते. त्यात एक लेकरू तुपाशी आणि एक उपाशी, असं बरं दिसत नाही.

इतके दिवस ओलीत उभी राहून माझे पाय कुजले होते. मिस्त्रींनी कुजका भाग कापून टाकला. करवत चालवताना ते माझ्यावर एक हात ठेवून होते. आता मी मोठ्या कामाची नाही. भाऊजींनी मला स्टोअरमधून कायमचं मोकळं केलं आणि वहिनींना म्हणाले, "घ्या. आता लपवायची गरज नाही." मी याच शाळेत जिन्याखाली राहते.

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. तुमची शाळा कुणा दुसऱ्याची नाही. तुमच्या आईबापांनी भरलेल्या पैशांतून तिच्या विटा चढल्यात. बाकावर नाव कोरू नका. भिंतीवर ओल दिसली तर मोठ्यांना सांगा. त्यांनी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा, भुणभुण लावा. भुणभुण तुम्हाला चांगली जमते, मला ठाऊक आहे. शाळा एका दिवसात पडत नाही. आधी एक पत्रा जातो, मग एक खोली, मग एक मजला, आणि कुणी काही विचारत नाही.

रोज सकाळी घंटा झाली की पहिलीची पोरं माझ्या डोक्यावरून जिना चढतात. धडधड, धडधड. बाई ओरडतात, "हळू रे!" हळू कुणी जात नाही. माझ्या अंगावर धूळ पडते ती पडू दे. ज्या दिवशी तुमच्या शाळेत वरच्या मजल्यावरचा हा आवाज थांबेल, त्या दिवशी मात्र गप्प बसू नका. तडक जाऊन विचारा, पोरं कुठे गेली?