भोंग्याचा प्रॉम्प्टर

हितेंद्रला गाणी भराभर सुचत, पण पाठ एकही होत नसे. शाळेच्या बक्षीस समारंभात तो कविता म्हणायला उभा राहिला आणि दुसऱ्या कडव्याला असा गप्प झाला, की शेवटी मुख्याध्यापकांनीच टाळ्या वाजवून त्याला खाली बसवलं. अशा मुलाने रॅपर व्हायचं ठरवलं. नुसता रॅपर नाही, ‘एमसी भोंगा’.

त्याची बहीण सीमा बारा वर्षांनी मोठी. दादरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल, आणि शब्दांच्या बाबतीत जरा खडूस.

“भोंगा ऐकलायस का रे कधी?” तिने विचारलं होतं. गिरण्या थंडावल्या तेव्हा हितेंद्रचा जन्मही झाला नव्हता.

“फील येतो ना, ताई.”

हा फील त्याने इंटरनेटवरून उतरवून घेतला होता. तो भोंगा इंग्लंडमधल्या कुठल्याशा गिरणीचा निघाला. पप्पांनी तो डोळे मिटून पूर्ण ऐकला आणि म्हणाले, “आमचा जरा जाडा होता.”

भोंग्याचा सूर दर सहा महिन्यांनी बदलायचा. आधी तो कुर्ल्याच्या पोरांकडून उसन्या आणलेल्या हिंदीत रॅप करायचा. मग त्याने आवाजाला मशीन लावलं. ते दिवस पाण्याच्या टाकीत पडून कुणीतरी मदत मागतंय असे गेले. पुढे कुणीतरी सांगितलं की आता मातीतलं चालतं. तेव्हा तो मालवणी शिव्या गोळा करायला अँटॉप हिलला आत्याकडे गेला. आत्याने चार दिल्या आणि पाचवी त्यालाच घातली.

मग स्वरूप भेटला. स्वरूप मॅनेजर होता, म्हणजे निदान त्याच्या टोपीवरून तरी तसं वाटायचं.

“तुझी स्टोरी काय, भाई?”

हितेंद्रने सांगितली. करी रोडला चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये चौदावा मजला, दोन लिफ्ट. आई सहा वर्षांपूर्वी आजारपणात गेली. बहिणीचं लग्न झालंय. वडील औषधाच्या दुकानात. स्वतःची खोली, वडिलांनी बसवून दिलेल्या एसीसकट.

“यात स्ट्रगल कुठाय?” स्वरूप म्हणाला. “एसीवर कोण रडणार?”

आठवड्याभरात गाणं तयार झालं.

*दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण झोपलो,*
*बाप बेवडा, पट्टा काढी, मी कोपऱ्यात लपलो.*

हितेंद्रचा खरा बाप गणपत, संपात गिरणी गेल्यावर ठाकूरद्वारच्या औषधाच्या दुकानात लागला आणि चाळीस वर्षं तिथेच राहिला. खोकल्याचं औषधसुद्धा तो आत अल्कोहोल नाही ना हे बाटलीवर वाचून घ्यायचा. पट्टा तर त्याच्याकडे नव्हताच. तो शिंप्याकडून पँट कमरेत अशी बेतून घ्यायचा की पट्ट्याची गरजच पडू नये. शौक एकच. कामगारांच्या नाट्यस्पर्धांत त्याने उभी हयात विंगेत काढली, हातात संहिता घेऊन, प्रॉम्प्टर म्हणून. रंगमंचावर एकदाही नाही. ओळीचे पहिले दोन शब्द द्यायचे, बाकीचं नटाचं तोंड आपोआप बोलतं, असं तो सांगायचा.

गाणं मोबाइलवर लाखो पोरांनी डोक्यावर घेतलं. कार्यक्रम मिळू लागले. आणि पहिल्याच कार्यक्रमात भोंगा तिसऱ्या ओळीला बंद पडला.

दुसऱ्या कार्यक्रमापासून पप्पा विंगेत उभे राहू लागले. स्वरूपने हितेंद्रच्या कानात बसणारं इअरफोनचं एक बोंडूक आणलं, पप्पांच्या हातात छोटा माइक दिला. साठी उलटलेला निर्व्यसनी गृहस्थ दर शनिवारी-रविवारी काळोख्या कोपऱ्यात उभं राहून मुलाच्या कानात शांतपणे सांगायचा, “बाप बेवडा.” आणि मुलगा समोरच्या गर्दीला तेच ओरडून सांगायचा.

सीमाला हे कळलं तेव्हा ती पप्पांवर चिडली. “तुम्हाला काही वाटत नाही?”

“अगं, नाटकात मी खुनाच्या ओळीसुद्धा दिल्यात,” पप्पा म्हणाले. “पोरगं अडकतं गं मध्येच. बघवत नाही.”

  सीमाला वाटलं होतं, याबद्दल नीट भांडायला पुढे वेळ मिळेल. फेब्रुवारीत पप्पा दुकानातच, गिऱ्हाइकाला गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावता समजावता, खाली बसले ते उठले नाहीत.

तेराव्याला टॉवरमध्ये नवीनच राहायला आलेल्या राधाबाई भेटायला आल्या. सीमाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “चला, सुटले बिचारे. आणि तुम्हीपण सुटलात. लिव्हर गेलं असेल ना गं?”

“हार्ट,” सीमा म्हणाली.

“हो गं, दारू सगळीकडेच जाते.” गाणं त्यांच्या नातवाला पाठ होतं.

तीन महिन्यांनी हितेंद्र दादरला वाचनालयात आला. मे महिन्यात डोक्यावर लोकरीची टोपी, डोळे सुजलेले. रविवारी संध्याकाळी परळला, बंद पडलेल्या एका गिरणीच्या शेडमध्ये, पप्पांच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता. पोस्टरवर पप्पांचा फोटो होता. स्वरूपने त्यांची दाढी जरा वाढवली होती.

“ताई, तू ये ना. विंगेत.”

“मी?”

“दुसऱ्या कुणाचं ऐकून मला नाही जमत. स्वरूपने ट्राय केलं. तो मध्येच ‘नाइस, नाइस’ म्हणतो.”

ती नाही म्हणणार होती. पण त्याने पप्पांची वही काढून टेबलावर ठेवली. दोनशे पानी, त्यांच्या ठळक अक्षरातली. प्रत्येक गाणं उतरवलेलं, श्वास कुठे घ्यायचा तिथे लाल टिंब. आणि त्या ओळीशी समासात लिहिलेलं: ‘आधी “बाप दारुडा” होतं. पुस्तकी वाटतं. “बेवडा” कर. टाळी इथे येईल.’

सीमाने वही मिटली आणि हो म्हणाली. मनाशी मात्र तिने ठरवलं होतं: सगळ्या ओळी देईन, ती एक देणार नाही. पप्पांनी ती दिली, तो त्यांचा प्रश्न. आपल्या तोंडून ते दोन शब्द निघणार नाहीत.

रविवारी शेडमध्ये चारशे पोरं होती. ज्या जागी कधीकाळी कापड विणणारे साचे खडखडत, तिथे आता सोफे होते आणि कॉफीच्या फेसावर पानं काढून मिळत. इंग्लंडचा भोंगा वाजला, पोरं चेकाळली. सीमा पडद्याआड उभी राहून शब्द देऊ लागली. सोपं होतं. दोन शब्द, टिंब, दोन शब्द. हितेंद्रच्या खांद्यांतला ताण सैलावताना तिला दिसत होता.

शेवटी ते गाणं आलं.

“दहा बाय,” ती म्हणाली. हितेंद्रने ओळ घेतली, आठही जणांना झोपवलं.

सीमा गप्प राहिली.

ठेका चालू होता. हितेंद्रने वळून विंगेकडे पाहिलं. कानातलं बोंडूक दाबलं. तिने मान हलवली, नाही. त्याचा चेहरा शाळेतल्या त्या समारंभातल्यासारखा झाला. वाद्यवाल्याला वाटलं हे ठरलेलं आहे. त्याने ठेकाच थांबवला. शेडमध्ये चिडीचूप. माइक हितेंद्रच्या हातातून खाली झुकला, गर्दीकडे.

आणि चारशे पोरं एका दमात ओरडली, “बाप बेवडा!”

सीमाने वही मिटली. तिने दोन शब्द गिळले होते, त्यांची गरजच राहिली नव्हती.

हितेंद्रने पुढची ओळ घेतली, त्यापुढचीही. आता गर्दीच त्याला देत होती. गाणं संपलं तेव्हा छप्पर उडायचं बाकी होतं.

स्वरूप धावत आत आला. “काय पॉज होता, भाई! मी मोजला, अकरा सेकंद. हा तुझा नवा साउंड. शांतता! पुण्याच्या शोमध्ये पण इथेच थांबायचं, फोटोवर लाइट टाकू.” आणि तो हे कुणाला तरी फोनवर सांगायला बाहेर गेला.

हितेंद्र एका खोक्यावर बसला. 

“मुद्दाम केलंस ना?”

“हो.”

“मला ती ओळ पाठ आहे, ताई. तीच एक पाठ आहे.”

“मग म्हणाला का नाहीस?”

“पप्पा द्यायचे तेव्हा वाटायचं, तेच म्हणतायत, मी नुसता मोठ्याने करतोय. आज तू दिली नाहीस, तर तोंडातून येईनाच.” त्याने नाक पुसलं. “स्वरूप बोलतो तो पॉज मी नाही करणार. पण मग दुसरं काय म्हणू?”

“त्यांच्याबद्दल खरं काहीतरी लिही.”

“खरं काय? आठला घरी यायचे, जेवायचे, पेपर वाचून झोपायचे. मला कधी हातपण नाही लावला. आपल्या घरात काही घडलंच नाही गं.” तो रडकुंडीला आला होता. “त्यावर बीट बसत नाही, ताई.”

“बसव,” सीमा म्हणाली. तिने वही आपल्या पिशवीत टाकली, चेन लावली आणि सोफ्यांमधून वाट काढत बाहेर पडली.